पार्श्वभूमी: तंत्रउद्योजकांचे मीटअप आणि सोलापूर

सोलापुरात वेबसाइट, मोबाइल अ‍ॅप आणि सॉफ्टवेअरच्या व्यवसायात उतरलेल्या तरुणांनी महिन्यातून एका ठरलेल्या संध्याकाळी एकत्र यावे, भांडवल पुरवणाऱ्यांना आणि जुन्या उद्योजकांनाही तिथे बोलवावे, ही कल्पना अलीकडे वरचेवर बोलली जाते. पुण्या-बंगळूरूत असे मीटअप रुळले आहेत, तेव्हा तेच इकडे उचलून आणावेत, असा सूर त्यात पुष्कळदा असतो. मात्र या संध्याकाळींना जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास आहे. त्यातले काही उपक्रम टिकले, काही पैशाच्या पुरात वाहून गेले. कोणता कशामुळे टिकला हे पाहिल्याशिवाय सोलापूरने त्यातून काय घ्यावे आणि काय सोडावे हे ठरवता येणार नाही.

धंद्याच्या बोलण्यासाठी लोकांनी एका ठिकाणी नेमाने जमायचे, ही रीत अर्थातच संगणकाच्या फार आधीची आहे. लंडनमध्ये १६८८ च्या सुमारास एडवर्ड लॉइड यांच्या कॉफीगृहात जहाजमालक, कप्तान आणि व्यापारी बसत, जहाजांच्या बातम्या घेत आणि तिथेच विम्याचे सौदे करीत. पुढे जगभर नावाजलेला लॉइड्सचा विमा बाजार त्यातूनच उभा राहिला.

तंत्रज्ञानातल्या आजच्या मीटअपचे थेट मूळ मात्र कॅलिफोर्नियात आहे. ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क या गावी गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक हौशी मंडळी जमली. अल्टेअर ८८०० हा सुटे भाग घेऊन घरी जोडायचा संगणक नुकताच बाजारात आला होता आणि त्याचे करायचे काय, हे एकमेकांना विचारावे एवढाच जमण्याचा हेतू होता. हाच होमब्रू कॉम्प्युटर क्लब. गर्दी वाढल्यावर बैठका स्टॅनफर्डच्या लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर सेंटरच्या सभागृहात होऊ लागल्या आणि त्यांचे संचालन ली फेल्सेन्स्टाइन करू लागले. त्यांनी घालून दिलेली पद्धत साधी होती. बैठकीच्या सुरुवातीला ‘मॅपिंग’ होई: ज्याला काही सांगायचे असेल त्याने उभे राहून आपण कोण, आपल्याकडे काय आहे आणि आपल्याला काय हवे आहे, हे थोडक्यात सांगायचे. एखाद्याकडे मेमरीच्या चिप असत, एखाद्याला कुठल्या तरी सर्किटचा आराखडा हवा असे. मग एखादे प्रात्यक्षिक होई आणि त्यानंतर ‘रँडम अ‍ॅक्सेस’, म्हणजे मघाशी जे ऐकले त्यावरून ज्याने त्याने आपल्या कामाचा माणूस गर्दीत शोधून त्याच्याशी बोलायचे. स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी आपल्या संगणकाचे आराखडे याच क्लबात लोकांना वाटले. १९७६ मध्ये तोच संगणक अ‍ॅपल-१ म्हणून विक्रीला आला. मला या साऱ्या इतिहासात फेल्सेन्स्टाइन यांची ही पद्धत सर्वांत मोलाची वाटते, कारण अनोळखी माणसाशी बोलायला जाण्याचा संकोच तीत आधीच दूर केलेला असे, आणि तोही कसलाही खर्च न करता.

अमेरिकेत स्थिरावलेल्या भारतीयांची टाय (दि इंडस आंत्रप्रेनर्स) ही उद्योजकांची संस्था १९९२ मधली. भारतातून येणाऱ्या एका सरकारी पाहुण्यांना भेटण्यासाठी सिलिकॉन व्हॅलीतले भारतीय उद्योजक जमले होते. पाहुण्यांचे विमान लांबले, वाट पाहताना मंडळी एकमेकांशी बोलू लागली आणि नव्यांना जुन्यांनी हात द्यावा म्हणून एखादी कायमची संस्था हवी, असे ठरले, अशी तिची जन्मकथा सांगितली जाते. सुहास पाटील आणि कंवल रेखी ही तिच्या संस्थापकांपैकी ठळक नावे. टायची शाखा पुढे पुण्यातही निघाली.

यानंतर इंटरनेट कंपन्यांच्या तेजीचा काळ आला आणि या संध्याकाळींचे रूपच पालटले. ऑक्टोबर १९९८ मध्ये लंडनच्या सोहो भागातल्या एका बारमध्ये ज्युली मेयर, निक डेंटन, अ‍ॅडम गोल्ड आदींनी ‘फर्स्ट ट्यूसडे’ सुरू केले. महिन्याचा पहिला मंगळवार, ठरलेली जागा आणि छातीवर रंगीत ठिपक्याचा बिल्ला, अशी त्याची रचना होती. हिरवा ठिपका उद्योजकाचा, लाल भांडवल गुंतवणाऱ्याचा आणि पिवळा वकील, सल्लागार अशा सेवा देणाऱ्यांचा. हे दृश्य डोळ्यांपुढे आणले की त्याची ताकद आणि त्याचा दोष, दोन्ही एकदम कळतात. खोलीत शिरणाऱ्याला कोणाकडे जायचे हे क्षणात समजे. पण त्याच क्षणी लाल ठिपक्याभोवती कोंडाळे जमे आणि दोन हिरव्या ठिपक्यांना आपसांत बोलण्याचे काही कारण उरत नसे. होमब्रूमध्ये प्रत्येकाकडे देण्यासारखेही काही होते आणि मागण्यासारखेही. इथे देणारे आणि मागणारे यांच्या रांगाच वेगळ्या झाल्या.

दीड-दोन वर्षांत हा मंगळवार जगभरच्या अनेक शहरांत पोहोचला आणि मग संध्याकाळ स्वतःच विकाऊ माल झाली. जुलै २००० मध्ये याझम या इस्रायली कंपनीने फर्स्ट ट्यूसडे विकत घेतले. किंमत सुमारे ५ कोटी डॉलर असल्याचे तेव्हा जाहीर झाले. पण अमेरिकी शेअर बाजाराचा नॅसडॅक निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर जाऊन केव्हाच उतरणीला लागला होता आणि ऑक्टोबर २००२ पर्यंत तो १,११४ वर आला. दरम्यान २००१ मध्ये याझमलाच दुसऱ्या कंपनीने विकत घेतले. लाल ठिपकेवाले येईनासे झाले तसे हिरवे ठिपकेवालेही येईनासे झाले, कारण तिथे येण्यामागे भांडवलाखेरीज दुसरा हेतू फारसा उरलाच नव्हता.

या पडझडीनंतर जे उपक्रम निघाले ते जाणीवपूर्वक साधे होते. ऑगस्ट २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो येथे पहिला बारकॅम्प, म्हणजे तंत्रज्ञांचा खुला मेळावा, भरला. त्यात निमंत्रणाची अट नव्हती आणि विषय येणाऱ्यांनीच तिथल्या तिथे ठरवायचे होते. भारतात तो २००६ मध्ये दिल्लीत आला आणि पुण्यातही बारकॅम्प भरले. २००७ मध्ये लंडनला सॉल क्लाइन यांनी ओपनकॉफीची कल्पना मांडली: आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी एखाद्या कॉफीच्या दुकानात बसायचे; तिकीट नाही, प्रायोजक नाही, भाषणे नाहीत. पुण्यात याच नावाचा क्लब निघाला आणि तिथल्या नव्या कंपन्यांच्या वर्तुळात त्याने चांगले मूळ धरले. पुण्याला अर्थात पूर्वतयारी होती. मराठा चेंबर ही व्यापारी-कारखानदारांची संघटना १९३४ पासूनची, सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क देशातल्या अगदी पहिल्या काही पार्कांपैकी, आणि अभियांत्रिकी शिकून गावातच नोकरी धरणारी मुले हजारोंनी. सोलापूरकडे या तिन्ही गोष्टी त्या प्रमाणात नाहीत, हे आधीच मान्य केलेले बरे.

सोलापूरकडे जे आहे ते वेगळे आहे. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये सुरू झालेल्या गिरणीला पुढे जुनी गिरणी हेच नाव पडले, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी गावातल्या पेठांत माग बसवले आणि गिरण्यांचे भोंगे बंद पडल्यावरही यंत्रमागांनी हा धंदा जिवंत ठेवला. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. या धंद्यात ओळख करून देण्याची एक जुनी, पक्की व्यवस्था आहे. सूत उधारीवर मिळते ते नात्यागोत्यातून, समाजातून किंवा दलालाच्या शब्दावर; दलाल दोन्हीकडच्यांना ओळखतो आणि व्यवहार फसला तर त्याच्याही नावाला धक्का बसतो. चाटी गल्लीतल्या पेढीवर नवखा माणूस गेला, तर त्याला पहिला प्रश्न तो कोणाकडून आला आहे, हाच असतो. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात विश्वास असाच, ज्याच्या त्याच्या वर्तुळात, साठत आला आहे.

या व्यवस्थेला नावे ठेवण्याचे कारण नाही. भांडवल तुटपुंजे असताना तिनेच हजारो मागांना सूत पुरवले. पण नवी बातमी तिच्यातून उशिरा येते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये बोस्टनजवळच्या एका उपनगरातील नोकरदारांविषयी जे लिहिले ते इथे लागू पडते. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी १६.७ टक्के लोकांचीच त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार भेट होत असे, ५५.६ टक्के लोकांची अधूनमधून आणि २७.८ टक्के लोकांची क्वचितच. रोज भेटणाऱ्यांना साधारण आपल्याला ठाऊक असलेलेच ठाऊक असते. कामाची नवी बातमी बहुधा दूरच्या ओळखीकडून येते, आणि अशा ओळखी जाणूनबुजून व्हाव्यात यासाठीच ठरलेली संध्याकाळ लागते.

सोलापूरच्याच एका सुपुत्राच्या आयुष्यात हे ठळकपणे दिसते. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद घरच्या सूत-सराफीच्या चाकोरीतून बाहेर पडले ते लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाशी भागी करून. या भागीत रेल्वेची कंत्राटे घेता घेता त्यांच्या बांधकाम व्यवसायाचा पाया घातला गेला. १९३९ मध्ये अमेरिकेहून निघालेल्या विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या विमान व्यावसायिकाशी पडली आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरूला हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना झाली. फाटक काय किंवा पॉली काय, दोघेही त्यांच्या नात्यातले किंवा पेठेतले नव्हते. महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्या-कारखानदारांना एकत्र आणणारे महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स १९२७ मध्ये उभे करण्यातही वालचंदांचाच पुढाकार होता, ही गोष्ट सोलापुरात आजच्यापेक्षा अधिक सांगितली जायला हवी.

आज वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून, इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आणि २००४ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठातून संगणक शिकलेली मुले दरवर्षी बाहेर पडतात आणि त्यांतली बरीचशी अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याची किंवा हैदराबादची गाडी पकडतात. जानेवारी २०१६ मधील स्टार्टअप इंडिया आणि राज्याचे २०१८ चे स्टार्टअप धोरण यांच्यानंतर महाविद्यालयांत स्पर्धा, हॅकेथॉन (ठरावीक वेळात सॉफ्टवेअर बनवून दाखवण्याचे कार्यक्रम) आणि व्याख्याने वाढली, हे चांगलेच झाले. परंतु या कार्यक्रमांत दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगते यांत वेळ सरतो, आणि समोर बसलेल्या मुलाला शेजारच्या खुर्चीवरचा माणूस काय करतो हे विचारण्याआधीच अल्पोपाहाराची घाई सुरू होते. व्यासपीठाची उंची आणि मीटअपचा उपयोग यांचे नाते व्यस्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लंडनच्या बिल्ल्याचा हिशेब सोलापुरात लावला, तर लाल ठिपके दोन-चारही मिळणार नाहीत. भांडवल गुंतवणाऱ्या संस्था मुंबई, पुणे आणि बंगळूरूत आहेत आणि त्या दर महिन्याला इथे येणार नाहीत. पण इथल्या सॉफ्टवेअरवाल्याला भांडवलाच्या आधी गिऱ्हाईक हवे असते, आणि गिऱ्हाईक गावातच आहे. शालेय गणवेश शिवणाऱ्या कारखानदारांनी आपले प्रदर्शन मुंबई, बंगळूरू आणि हैदराबादपर्यंत नेले. त्यांना शेकडो शाळांच्या मापांचा आणि रंगांचा हिशेब ठेवावा लागतो. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापूरला आहे, आणि साखर कारखान्यांच्या संख्येत हा जिल्हा राज्यात आघाडीवर आहे; ऊसतोडीची पाळी आणि बागेची फवारणी यांच्या नोंदी आजही पुष्कळ ठिकाणी वहीत असतात. म्हणून इथल्या संध्याकाळी सूतवाले, शिलाईवाले आणि बागायतदार पहिल्या रांगेत हवेत, जागा पेठांपासून चालत जाण्याजोगी हवी, वेळ दुकाने वाढवल्यानंतरची आणि सोबत चहा पुरेसा आहे. फेल्सेन्स्टाइन यांचे मॅपिंग मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत चालू द्यावे: कारखानदाराने उभे राहून आपली अडचण सांगावी, मुलीने किंवा मुलाने आपल्याला काय येते ते सांगावे, आणि पुढच्या तासाभरात दोघांनी एकमेकांना शोधावे.