सह्याद्रीचा उतार कोणाचा?

सह्याद्री हिमालयासारखा दोन भूखंडांच्या टकरीतून वर उचलला गेलेला पर्वत नाही. महाराष्ट्रातला सह्याद्री म्हणजे दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडची तुटलेली कड. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहिलं की हे स्वच्छ दिसतं: पाठीमागे पूर्वेकडे सावकाश उतरत जाणारा देश आणि पायाखाली एकदम कोसळलेलं कोकण. इथला पाऊस, नद्या, वाटा, राज्यं, एवढंच काय वीजसुद्धा या कड्याने ठरवली. आपण मात्र बहुतेक वेळा शिखरांची आणि गडांची गोष्ट सांगतो. खरा इतिहास या उतारावर घडला आहे.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर पडला आणि पसरत गेला. एक थर, काही काळाची उसंत, पुन्हा दुसरा थर. महाबळेश्वरच्या परिसरात या थरांची एकूण जाडी किलोमीटरहून जास्त भरते, आणि एवढी झीज होऊनही हा काळा पाषाण आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. पुढे सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून तुटून दूर गेला, पश्चिमेची कड खचली, आणि पावसाने कातत कातत तो कडा पूर्वेकडे मागे सरकवला. गोव्याच्या दक्षिणेला हीच रांग पुढे जाते, पण तिथला खडक याहून कितीतरी जुना आहे.

लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये ठिकठिकाणी तांबड्या मातीसारखा पट्टा दिसतो. उसंतीच्या काळात वरचा पृष्ठभाग कुजून तो तयार झाला. कठीण थर ताशीव भिंतीसारखा उभा राहतो, मऊ थर झिजून पायरी पडते, आणि थरांच्या सांध्यांतून, भेगांतून पाणी झिरपतं. गडांना नैसर्गिक तट मिळाले, माथ्याखाली टाकी खोदता आली, ती या रचनेमुळे. कार्ले आणि भाजे इथली लेणी याच खडकात कोरलेली.

नद्यांची तऱ्हा आणखी वेगळी. गोदावरी, भीमा, कृष्णा या तिघी अरबी समुद्रापासून शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत उगम पावतात आणि सगळं पठार ओलांडून बंगालच्या उपसागराकडे निघतात. ढग मात्र कड्यावरच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम 500.

कोकणातली बंदरं आणि घाटमाथ्यावरच्या बाजारपेठा जोडायच्या तर हा कडा चढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि चढाची वाट ज्याच्या ताब्यात, सत्ता त्याची. नाणेघाट हा त्याचा सर्वांत जुना बोलका पुरावा. कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरकडे जाणारी ही वाट सातवाहनांनी राखली. तिथल्या गुहेत राणी नागणिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ, आणि त्यांत दान दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण नावाची नाणी यांची यादीच त्यात आहे. आकड्यांसाठी वापरलेली चिन्हं भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी आहेत. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या आता नाहीशा झाल्या, वर कोरलेली नावं उरली. जवळच दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असत, असं सांगितलं जातं.

कित्येक शतकांनंतर शिवाजी महाराजांनी 1656 मध्ये जावळी घेतली, तेव्हाही प्रश्न घाटवाटांचाच होता. त्या रानावर हुकमत आल्यामुळेच पुढे प्रतापगड उभा राहिला. 1661 मध्ये उंबरखिंडीत मुघल सरदार कारतलबखानाची फौज अडवली गेली, त्यात तलवारीइतकाच हात अरुंद उताराचाही होता.

1818 नंतर इंग्रजांनी अनेक गडांचे दरवाजे आणि पायऱ्या तोफांनी, सुरुंगांनी उडवल्या. पण त्याहून खोल घाव बसला तो उतारावर राहणाऱ्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि गवळी धनगर समाजांवर. त्यांची शेती राबाची: टहाळ्या, पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं आणि पाऊस आला की त्या राखेत भाताचं किंवा नाचणीचं बी टाकायचं. 1878 च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलात टहाळी तोडणं गुन्हा ठरू लागलं. त्याआधीच इंग्रजांविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगरे यांना 1848 मध्ये ठाण्यात फाशी झाली होती.

बोरघाटातली रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली. पंचवीस बोगदे, 37 फुटांना एक फूट असा चढ, आणि गाडी थांबवून उलट्या दिशेने न्यायची अशी मधली एक जागा. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येताच वारला, तेव्हा त्याच्या पत्नीने, ॲलिसने, काम पुढे नेलं. तिचं नाव निदान नोंदलेलं आहे. पटकीने आणि अपघातांनी मेलेल्या हजारो मजुरांची नावं कुठेच नाहीत. जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. या धनगराने गोऱ्या साहेबाला वाट दाखवली आणि त्याबद्दल जीव गमावला, अशी कथा सांगतात. येणारे-जाणारे तिथे नाणं टाकतात. कथा घडली असो वा नसो, लोकांनी वाट दाखवणाऱ्याची आठवण ठेवली हे मला मोठं वाटतं.

विसाव्या शतकात माणसाने नद्यांची दिशाच फिरवली. लोणावळ्याकडचं पूर्वेला जाणारं पाणी अडवून ते पश्चिमेच्या कड्यावरून खोपोलीला सोडलं की वीज मिळते. टाटांचं हे केंद्र 1915 मध्ये सुरू झालं. पुढची पाळी मुळशीची. तिथल्या मावळ्यांनी 1921 मध्ये सेनापती बापटांच्या साथीने 'जान किंवा जमीन' म्हणत सत्याग्रह केला. तरी धरण झालं, गावं बुडाली. कोयनेने तेच सूत्र कितीतरी मोठं केलं. कृष्णेला मिळणाऱ्या या नदीचं बरंचसं पाणी बोगद्यांतून पोफळीकडे वळलं आणि कोकणातल्या वाशिष्ठीला जाऊन मिळालं. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात सुमारे 180 माणसं गेली. धरणातल्या पाण्यामुळे भूकंप होण्याचं हे जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण आहे. विस्थापितांच्या जमिनींचा प्रश्न पुढच्या पिढ्यांपर्यंत चालत आला.

2012 मध्ये कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी जागतिक वारसा यादीत आले. 30 जुलै 2014 ला माळीण आणि 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. दोन्ही वस्त्या आदिवासींच्या. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने 2011 मध्येच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं दाखवली होती आणि त्यांच्या सीमा, नियम ग्रामसभांशी बोलून ठरवावेत असा आग्रह धरला होता. त्यानंतर कस्तुरीरंगन समिती आली, 2014 पासून अशी क्षेत्रं जाहीर करणाऱ्या अधिसूचनेचे मसुदे निघत गेले. सहावा मसुदा 31 जुलै 2024 चा, वायनाडमधल्या दरडीच्या दुसऱ्या दिवसाचा. त्यात महाराष्ट्राचं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे.