राउटरच्या फर्मवेअरची निवड आली कुठून?

वायफायची रेंज आतल्या खोलीत पोचत नाही, ऐन मीटिंगमध्ये व्हिडिओ कॉल अडखळतो, किंवा राउटर बनवणाऱ्या कंपनीने अपडेट देणं बंद केलेलं असतं. यापैकी एखाद्या कारणाने माणूस ‘दुसरं फर्मवेअर टाकून बघू का?’ या प्रश्नापाशी येतो. (फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आत बसलेलं, त्याला चालवणारं सॉफ्टवेअर.) मग ओपनडब्ल्यूआरटी, डीडी-डब्ल्यूआरटी, फ्रेशटोमॅटो, मर्लिन अशी नावं समोर येतात आणि गोंधळ वाढतो. यातला ‘डब्ल्यूआरटी’ हा तुकडा कुठून आला ते बघितलं, की निवड बरीच सोपी होते. प्रत्येक फर्मवेअरचा आजचा स्वभाव त्याच्या जन्मकथेत दडलेला आहे.

लिंक्सिस कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राउटर बाजारात आणला. निळा-काळा डबा, मागे दोन अँटेना. नावातले ५४ म्हणजे ८०२.११जी या तेव्हाच्या नव्या मानकाचा कागदावरचा वेग, सेकंदाला ५४ मेगाबिट. आत १२५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १६ एमबी रॅम आणि ४ एमबी फ्लॅश, म्हणजे फर्मवेअर साठवायची मेमरी. आज एका फोटोलाही ४ एमबी पुरत नाहीत, पण त्या काळी तेवढ्यात लिनक्स ही अख्खी खुली ऑपरेटिंग सिस्टिम बसवलेली होती. ही गोष्ट मात्र कुठे जाहीर केलेली नव्हती.

मार्च २००३ मध्ये सिस्कोने लिंक्सिस विकत घेण्याची घोषणा केली. जूनमध्ये अँड्र्यू मिक्लस याने लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, मेलिंग लिस्टवर लिहिलं, की या राउटरच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स आणि जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याखालचे आणखी काही भाग आहेत, पण त्यांचा सोर्स कोड कंपनी देत नाही. जीपीएलची अट सरळ आहे: हे सॉफ्टवेअर घालून वस्तू विकाल, तर त्याचा सोर्स कोड घेणाऱ्याला मिळाला पाहिजे. चूक नेमकी कोणाची, हे सांगणं मात्र कठीण होतं. चिप ब्रॉडकॉमची, सॉफ्टवेअर तैवानच्या सायबरटॅनने तयार केलेलं, शिक्का लिंक्सिसचा आणि मालकी नुकतीच सिस्कोकडे आलेली. जीपीएल तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने पाठपुरावा केला आणि २००३ मध्येच कोड बाहेर आला. (सिस्कोशी परवान्याचं भांडण मात्र मिटलं नाही. फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये दावा लावला आणि मे २००९ मध्ये तडजोड झाली.)

कोड हाती आला, तरी बदललेला कोड राउटरमध्ये निर्धास्तपणे टाकता यायला हवा होता. इथे राउटरमधलीच एक चूक उपयोगी पडली. त्याच्या सेटिंगमध्ये पिंग चाचणीचं एक पान होतं. पत्त्याच्या चौकटीत एखादा आयपी पत्ता टाकायचा आणि उत्तर येतं का ते बघायचं. पण त्या चौकटीत काय टाकलंय याची तपासणीच होत नव्हती. पत्त्याच्या जागी उलट्या अवतरणचिन्हांत लिनक्सची आज्ञा लिहिली, की राउटर ती मुकाट्याने चालवायचा! लोकांनी या वाटेने ‘बूट-वेट’ नावाची सेटिंग चालू केली. ती चालू असली की राउटर सुरू होताना काही सेकंद थांबून बघतो, की कोणी टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने नवं फर्मवेअर पाठवतंय का. त्या काही सेकंदांमुळे फर्मवेअर फसलं तरी राउटर परत उठवता येऊ लागला. घरच्या घरी फर्मवेअर बदलण्याची सगळी परंपरा या एका सोयीवर उभी राहिली, असं मला वाटतं. राउटर निकामी होऊन त्याची वीट होण्याची भीती गेल्याशिवाय कोण हात घालणार?

यानंतर फाटे फुटले. स्वेसॉफ्ट या कंपनीने लिंक्सिसच्या कोडवर नव्या सोयी चढवल्या, पण ताज्या आवृत्त्या वर्गणीदारांपुरत्या ठेवल्या. जीपीएलच्या कोडवर असं कुंपण घालता येतं का, यावरून मोठा वाद पेटला. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनडब्ल्यूआरटीने वेगळी वाट धरली. लिंक्सिसच्या फर्मवेअरला ठिगळं लावत बसण्याऐवजी त्यांनी पाया नव्याने रचला, आणि पुढे हवं ते पॅकेज, म्हणजे जादा सॉफ्टवेअर, हवं तेव्हा बसवता येईल अशी व्यवस्था केली. सुरुवातीला तर त्यात ब्राउझरमधून चालवायचं पानही नव्हतं, सगळं कमांड लाइनवर. आजही ओपनडब्ल्यूआरटी नव्या माणसाला थोडं रुक्ष वाटतं, त्याचं मूळ इथे आहे.

२००५ च्या सुरुवातीला सेबास्टियन गॉटशाल यांनी स्वेसॉफ्टच्या ‘अल्केमी’ या फर्मवेअरवरून डीडी-डब्ल्यूआरटी काढलं. ‘डीडी’ हा जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरचा संकेत. पुढे त्याचा गाभा ओपनडब्ल्यूआरटीच्या आधारे नव्याने बांधला गेला, पण स्वभाव तोच राहिला: शक्य तितक्या सोयी आधीच भरलेल्या आणि सगळ्यांसाठी ब्राउझरमध्ये एकेक खूण करायची चौकट. जोनाथन झराटे यांचं टोमॅटो हायपरडब्ल्यूआरटी या आणखी एका फर्मवेअरमधून निघालं. त्यात सोयी कमी, पण या क्षणी किती डेटा येतोय-जातोय याचा हलता आलेख दिसायचा. मूळ टोमॅटोची शेवटची आवृत्ती २०१० ची. त्यानंतर वेगवेगळ्या लोकांनी त्याच्या शाखा सांभाळल्या आणि आज फ्रेशटोमॅटो जिवंत आहे. आसुसच्या राउटरसाठीचं मर्लिन निराळ्या जातीचं. कंपनीच्याच फर्मवेअरमध्ये दुरुस्त्या आणि मोजक्या भरी, एवढंच ते करतं, म्हणून ज्याला फारसं बदलायचं नाही त्याला ते सोयीचं पडतं.

लिंक्सिसनेही या हौशी मंडळींची दखल घेतली. २००५ च्या अखेरीस आलेल्या डब्ल्यूआरटी५४जीच्या पाचव्या आवृत्तीत लिनक्सऐवजी व्हीएक्सवर्क्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम आली. फ्लॅश २ एमबी, रॅम ८ एमबी, म्हणजे दोन्ही निम्मं. पण ज्यांना लिनक्स हवं होतं त्यांच्यासाठी जुनी जडणघडण डब्ल्यूआरटी५४जीएल या वेगळ्या नावाने ठेवली गेली, आणि तो राउटर दहा वर्षांहून जास्त काळ विकला गेला.

लोक सगळ्यात आधी धावले ते रेंजमागे. डीडी-डब्ल्यूआरटीत प्रक्षेपणशक्तीची चौकट असायची. मूळ आकडा २८ मिलिवॅट, वर २५१ पर्यंत नेता येत होता. नऊपट शक्ती मिळाली म्हणजे घर उजळणार, असं वाटणं साहजिक होतं. पण मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट करायला चौपट शक्ती लागते, म्हणजे नऊपट शक्तीत फार तर तिप्पट अंतर. भिंती आल्या की तेही नाही. शिवाय वायफाय हा दोघांचा संवाद आहे. राउटर ओरडून बोलला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो आणि त्याची पोच राउटरपर्यंत यावीच लागते. अँप्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर ताणला, तर संदेश फाटतो आणि वेग उलट घसरतो. रेंजसाठी या फर्मवेअरांनी खरं काम केलं ते दुसरीकडे: अडगळीतल्या जुन्या राउटरला ब्रिज (दोन जाळी जोडणारा दुवा) किंवा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारं आणखी एक ठिकाण) बनवता आलं. आजूबाजूला कोणत्या चॅनेलवर किती गर्दी आहे हे दिसू लागलं, मग १, ६ आणि ११ यांतला मोकळा चॅनेल निवडता आला. आजही मी रेंजसाठी आधी राउटरची जागा बदलायला सांगेन, मग दुसरा ॲक्सेस पॉइंट. शक्तीच्या चौकटीला हात सगळ्यात शेवटी.

वेगाची गोष्ट याहून रंजक आहे. २०१० मध्ये जिम गेटिस यांनी घरच्या जोडणीवर मोठी फाइल पाठवताना बाकी सगळं ठप्प होतं याचा माग काढला, तेव्हा दोष सापडला तो मेमरीच्या मुबलकतेत. मेमरी स्वस्त झाल्यामुळे मोडेम आणि राउटरमध्ये पॅकेटच्या, म्हणजे डेटाच्या तुकड्यांच्या, लांबलचक रांगा मावू लागल्या होत्या. रांगेत पॅकेट हरवत नव्हतं, म्हणून पाठवणाऱ्याला गर्दी झाल्याचं कळतच नव्हतं आणि तो आणखी ओतत राहायचा. याला बफरब्लोट हे नाव पडलं. हे स्वतः बघणं सोपं आहे: एका खिडकीत पिंग चालू ठेवा आणि दुसऱ्या यंत्रावरून मोठी फाइल चढवायला लावा. वीस-तीस मिलिसेकंदांवर असलेला आकडा बघता बघता शेकड्यांत गेला, तर तुमचा कॉल का अडखळतो ते समोरच दिसतं. जास्त वेगाची जोडणी घेऊन हे सुटतंच असं नाही.

यावर २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे यापेक्षा पॅकेट रांगेत किती वेळ अडकलं आहे ते ती बघते. त्यातून आलेली एफक्यू-कोडेल त्याच वर्षी लिनक्स कर्नलमध्ये गेली. डेव्ह टॅट आणि सहकाऱ्यांनी ओपनडब्ल्यूआरटीवर आधारलेल्या सेरोडब्ल्यूआरटीमध्ये हे सगळं खऱ्या घरगुती राउटरवर घासून बघितलं. पुढे त्याच मंडळींनी वायफायचा आणखी एक जुना दोष हाताळला. दूरवरचा मंद फोन आणि जवळचा वेगवान लॅपटॉप यांना पॅकेटमागे एक अशी सारखी पाळी मिळते, त्यामुळे मंद फोनच हवेतला बहुतेक वेळ खातो. पाळी पॅकेटची न धरता हवेतल्या वेळेची धरली, की लॅपटॉप मोकळा होतो. ही दुरुस्ती २०१७ च्या सुमारास काही खुल्या ड्रायव्हरांमधून, म्हणजे वायफायची चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, लोकांच्या राउटरवर पोचली. याची एक किंमतही सांगायला हवी. रांगेचं हे व्यवस्थापन राउटरच्या प्रोसेसरवर पडतं. कंपनीचं फर्मवेअर पुष्कळदा खास हार्डवेअरच्या आडवाटेने गिगाबिटचा वेग गाठतं. दुबळ्या प्रोसेसरवर खुलं फर्मवेअर घातलं, तर कमाल वेग उतरू शकतो.

याच कारणाने राउटर घेताना चिप बघावी लागते. ब्रॉडकॉमचे वायफाय ड्रायव्हर बंदिस्त राहिले, म्हणून ओपनडब्ल्यूआरटी तिथे नेहमीच अडखळलं. ॲथेरॉसच्या चिपांसाठी २००८ मध्ये एथ९के हा खुला ड्रायव्हर आला, नंतर मीडियाटेकसाठी एमटी७६. ओपनडब्ल्यूआरटीचा सगळा जोर अशा चिपांवर आहे. ब्रॉडकॉमचा राउटर हातात असेल, तर फ्रेशटोमॅटो, डीडी-डब्ल्यूआरटी किंवा मर्लिनकडे वळलेलं बरं.

सुरक्षेचा प्रश्न सुरुवातीला कुलपाचा होता. १९९७ च्या मूळ मानकातलं वेप हे वायफायचं कुलूप २००१ मध्ये फ्लूहरर, मँटिन आणि शमीर यांच्या हल्ल्याने उघडं पडलं. २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं, २००४ मध्ये डब्ल्यूपीए२. बटण दाबून जोडणी देणाऱ्या डब्ल्यूपीएसचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक निव्वळ पडताळणीचा असतो. म्हणून सगळे मिळून सुमारे ११,००० अंदाज पुरतात, हे २०११ च्या अखेरीस उघड झालं. डब्ल्यूपीएस आजही बंद ठेवावं. पण ऑक्टोबर २०१७ मध्ये मॅथी व्हानहूफ यांनी क्रॅक हा हल्ला जाहीर केला आणि प्रश्न बदलला. दोष डब्ल्यूपीए२ च्या मुळात होता, म्हणजे दुरुस्ती प्रत्येक यंत्राला लागणार होती. खुल्या फर्मवेअरची दुरुस्त आवृत्ती त्याच आठवड्यात आली. कंपन्यांच्या असंख्य जुन्या मॉडेलना ती कधीच मिळाली नाही. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर हे राउटरमध्ये शिरणारं घातक सॉफ्टवेअर सापडलं, तेव्हा ५४ देशांतली किमान पाच लाख यंत्रं बाधित होती, आणि त्यांत बहुतेक घरचे आणि छोट्या कचेऱ्यांचे राउटर होते.

खुलं म्हणजे निर्दोष असा अर्थ कोणी काढू नये. ओपनडब्ल्यूआरटीत उतरवलेलं पॅकेज खरं आहे का हे तपासणारी पायरी एका चुकीमुळे फेब्रुवारी २०१७ पासून जवळपास तीन वर्षं निकामी होती. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरांना १९.०७ नंतर अधिकृत आवृत्त्या मिळाल्या नाहीत. म्हणून फर्मवेअर निवडताना मी सोयींची यादी मागून वाचतो. आधी आपल्या नेमक्या मॉडेलसाठी आणि त्याच्या नेमक्या हार्डवेअर आवृत्तीसाठी शेवटची आवृत्ती कधी निघाली ती तारीख बघतो.

ही निवड एकदा हातची जायच्या बेतात होती. ५ गिगाहर्ट्झवरचे राउटर विमानतळांजवळच्या हवामान रडारमध्ये अडथळा आणत होते. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार आयोगाने उत्पादकांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत, तुमच्या यंत्रात डीडी-डब्ल्यूआरटीसारखं बाहेरचं फर्मवेअर जाणार नाही याची तजवीज काय, असं थेट नाव घेऊन विचारलं होतं. इंटरनेटच्या जनकांपैकी एक विंट सर्फ आणि डेव्ह टॅट यांच्यासह २६० जणांनी याविरुद्ध लिहिलं. नोव्हेंबरमध्ये आयोगाने खुलासा केला, की बंधन रेडिओच्या मर्यादांपुरतं आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये प्रक्षेपणशक्तीच्या मर्यादेवरून टीपी-लिंकशी दोन लाख डॉलरची तडजोड झाली, तेव्हा बाहेरच्या फर्मवेअरसाठी वाट खुली ठेवण्याची तयारी कंपनीने त्यातच दाखवली.

त्याच वर्षी ओपनडब्ल्यूआरटी आतून फुटलं. कारभार पुरेसा उघडा नाही म्हणून काही जण लेडे नावाने वेगळे झाले आणि जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही पुन्हा एक झाले, नाव जुनं आणि शिस्त लेडेची. नोव्हेंबर २०२४ मध्ये या प्रकल्पाने सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ही खुल्या सॉफ्टवेअरसाठी काम करणारी संस्था आणि छोटे संगणक-बोर्ड बनवणारे बनाना पाय यांच्यासोबत स्वतःचा राउटर काढला, ओपनडब्ल्यूआरटी वन. त्यात १ जीबी रॅम आहे आणि दोन वेगळ्या फ्लॅश चिपा. एकीत रोजचं फर्मवेअर, दुसरीत सावरायला राखून ठेवलेलं. फर्मवेअर फसलं तर डब्यावरची छोटी कळ सरकवायची आणि राउटर दुसऱ्या चिपेवरून उठतो. त्यासाठी पिंगच्या पानातून आत शिरायची गरज आता उरलेली नाही.