तान्ह्या बाळाचा काचबिंदू: आधी शस्त्रक्रिया, मग औषध

मोठ्या माणसाच्या काचबिंदूत उपचार बहुधा थेंबांपासून सुरू होतात आणि शस्त्रक्रियेचा विषय उशिरा निघतो. जन्मजात काचबिंदूत हा क्रम उलटा असतो, कारण दोष डोळ्यातील द्रवाच्या निचऱ्याच्या वाटेतच असतो. ही वाट गर्भात पुरती घडलेली नसते, द्रव तुंबतो, दाब चढतो आणि बाळाच्या डोळ्याचे आवरण लवचीक असल्याने डोळाच मोठा होत जातो. नवजात बाळाच्या कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, व्यास साधारण १० मिलिमीटर असतो. पहिल्या वर्षात तो १२ च्या पुढे गेला, तर तपासणी लांबवू नये. टपोऱ्या डोळ्यांचे घरात कौतुक चाललेले असते आणि उजेड सहन न होणे, सतत पाणी गळणे याकडे मात्र दुर्लक्ष होते, असे अनेकदा घडते.

सॅन फ्रान्सिस्कोचे ऑटो बार्कन यांनी रूढ केलेल्या गोनिओटॉमीत विशेष भिंगातून पाहत बारीक पात्याने निचऱ्याची जाळी आतून चिरतात. त्यासाठी कॉर्निया स्वच्छ हवा. दाबामुळे तो धुरकट झाला असेल, तर आतले दिसतच नाही. अशा वेळी १९६० पासून ज्ञात असलेली ट्रॅबेक्युलोटॉमी उपयोगी पडते. तिच्यात बाहेरून श्लेमच्या नलिकेत, म्हणजे जाळीमागच्या द्रव वाहून नेणाऱ्या गोल वाटेत, धातूची सळई घालून ती आत वळवतात आणि जाळी फाडतात. भारतात बरीच बाळे उशिरा, कॉर्निया धुरकट झाल्यावरच येतात. म्हणून येथे अनेक शल्यचिकित्सक हिच्याच जोडीने द्रवाला नवी वाट करून देणारी ट्रॅबेक्युलेक्टॉमीही एकाच बैठकीत करतात. माझ्या मते हा निर्णय परिस्थितीला धरून आहे.

आंध्र प्रदेशात हा आजार सुमारे ३,३०० जन्मांमागे एक, तर पाश्चात्त्य देशांत सुमारे १०,००० मागे एक आढळतो. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आले, तरच आजार होतो, हा त्याचा नेहमीचा प्रकार. त्यामुळे नात्यातील लग्नांनी धोका वाढतो. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल महाराष्ट्रातही अपरिचित नाही.

वरील शस्त्रक्रियांनी दाब उतरला नाही, तर द्रव बाहेर काढणारी नळी बसवतात किंवा द्रव निर्माण करणारा भाग लेझरने काही अंशी निकामी करतात. थेंब मुख्यतः शस्त्रक्रियेपर्यंत दाब आवरायला किंवा नंतर उरलेल्या दाबासाठी वापरतात. त्यांतही ब्रिमोनिडीन तान्ह्या बाळाला देत नाहीत, कारण त्याने गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो. दाब आटोक्यात आल्यावरही भूल देऊन पुन्हा पुन्हा तपासणी करावी लागते, आणि आळशी पडलेल्या डोळ्याला कामाला लावण्यासाठी चष्मा व चांगल्या डोळ्यावरची पट्टी काही वर्षे चालते.