वय अधिक जन्मवर्ष: योग दरवर्षीचाच
‘जन्मवर्षात वय मिळवा, यंदा सगळ्यांची बेरीज सारखीच येते, हा योग हजार वर्षांतून एकदाच!’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. बेरीज खरोखरच सारखी येते, म्हणून तर विश्वास बसतो. पण ती दरवर्षी येते.

वय आपण काढतो कसं? चालू सालातून जन्मवर्ष वजा करून. वजा केलेलं तेच पुन्हा मिळवलं की चालू साल हाती येणारच.

ताळा करून पाहा. आजीचा जन्म १९४८चा. १९९८ साली वय ५०, बेरीज १९९८. पुढच्या साली ५१, बेरीज १९९९. नातू १९९०चा असला तरी १९९८ साली आठ वर्षांचा, बेरीज तीच. फक्त त्या सालचा वाढदिवस व्हायचा असेल, तर बेरीज एकाने कमी भरते.