चाकोरी की पायवाट? एंगाडीनच्या तळ्यांकाठच्या दोन लाल पाट्या

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात, वरच्या एंगाडीन खोऱ्यात, तळी एकापाठोपाठ एक ओळीने लागतात: सिल्स (1797 मीटर), सिल्वाप्लाना (1791), त्याला लागून छोटं शांफेर आणि मग सेंट मॉरिट्झ (1768). पहिल्या तळ्यापासून शेवटच्यापर्यंत पाण्याची पातळी जेमतेम 30 मीटर उतरते. नकाशावर हे पाहिलं की वाटतं, मोटारी नसलेली कुठलीही वाट धरावी, ग्रॅव्हल सायकलला (खडीच्या वाटांसाठीची, वाकड्या हँडलबारची सायकल) चालेल. फसगत इथेच होते. ‘मोटारी नाहीत’ एवढं कळलं म्हणजे वाटेवर काय नाही ते कळलं. खुद्द वाट कशी आहे ते त्यात येत नाही.

मोटारी नसलेल्या वाटा इथे दोन जातींच्या. एक चाकोरी: ट्रॅक्टर, दूधगाडी किंवा घोडागाडी जाईल असा खडीचा रस्ता. दुसरी पायवाट: एका माणसाच्या किंवा एका चाकाच्या रुंदीची. दोन्हींवर सायकलसाठी लावलेली पाटी मात्र एकाच गडद लाल रंगाची, अक्षरं पांढरी, आणि कित्येकदा दोन्ही पाट्यांवर गावाचं नावही एकच.

फरक चित्रात आहे. साध्या सायकलमार्गाच्या (तिथल्या बोलीत ‘वेलो’) पाटीवर सायकल आडवी, सपाटीवर उभी असते; माउंटनबाइकच्या पाटीवर ती चढावर तिरकी दिसते. क्रमांक असेल तर ओळखणं आणखी सोपं: वेलो मार्गाचा क्रमांक फिकट निळ्या चौकोनात, माउंटनबाइकचा पिवळट गेरूच्या रंगात. एक आकडी क्रमांक म्हणजे राष्ट्रीय मार्ग, दोन आकडी प्रादेशिक, तीन आकडी स्थानिक. क्रमांकावरून मार्गाचा पल्ला कळतो, अवघडपणा कळत नाही. तीन आकडी मार्ग सोपा असेल असं धरून चालू नये. पिवळ्या पाट्या चालणाऱ्यांच्या. ग्राउब्युंडेनमध्ये स्पष्ट बंदी नसेल तर त्या वाटांवर सायकल नेता येते, पण पहिला हक्क चालणाऱ्याचा.

वेलोची पाटी दिसली म्हणजे मोटारी नाहीत, असंही नाही. साधी प्रवासी सायकल सामानासकट जाऊ शकेल, एवढीच हमी ती देते. वाटेत गावातला किंवा शेतातला डांबरी रस्ता मोटारींसोबत वाटून घ्यावा लागतो. उलट माउंटनबाइकची पाटी तुम्हाला मोटारींपासून पार दूर नेईल आणि दोन किलोमीटरनंतर सायकल खांद्यावर घ्यायला लावील. ग्रॅव्हल सायकल या दोघींच्या मधली. तिच्या नावाची वेगळी पाटी नाही, म्हणून जमीन स्वतःच वाचावी लागते.

जमीन वाचायची खूण साधी आहे. चाकांच्या दोन ओळी आणि मधे गवताचा पट्टा दिसला तर चारचाकी तिथून नेहमी जाते; म्हणजे चढ ट्रॅक्टरला झेपणारा आहे, वळणं रुंद आहेत आणि खाली भराव टाकलेला आहे. एकच ओळ उरली, मुळं वर आली, दगड सुटे न राहता जमिनीत रुतलेले दिसू लागले की जात बदलली. घरी बसून ओपनस्ट्रीटमॅप या ऑनलाइन नकाशावर बघत असाल तर ‘ट्रॅक’ (चाकोरी) आणि ‘पाथ’ (पायवाट) हा भेद आधी तपासा. ट्रॅकला 1 ते 5 अशी प्रत दिलेली असते: 1 म्हणजे पक्का, 5 म्हणजे मऊ मातीचा. 40 मिमीच्या टायरला 3 पर्यंत मजेत जमतं. माउंटनबाइक मार्गाला सिंगलट्रेलची (अरुंद वाटेच्या अवघडपणाची) श्रेणी दिली असेल तर एस-0 चालेल, एस-1 थोड्या अंतरापुरती, एस-2 च्या पायऱ्यांवर ग्रॅव्हल सायकल नेऊच नये. वाकडा हँडलबार आणि धक्के झेलणारं सस्पेन्शन नसलेलं पुढचं चाक तिथे स्वाराचं सगळं वजन पुढे ढकलतात.

दोन्ही जाती एकाच रेषेवर बघायच्या असतील तर वाल बेवेर (‘वाल’ म्हणजे खोरं). बेवेर गावाबाहेरून स्पिनासपर्यंत रेल्वेरुळांच्या सोबतीने खडीचा रस्ता जातो. चढ सुमारे 100 मीटरचा, अगदी सौम्य. स्पिनासला गाडी आल्बुला बोगद्यात शिरते आणि तुम्ही गुरांच्या कुरणांमधून चाकोरीने पुढे जाता. खोरं वर सरकतं तशी चाकोरी विरळ होते आणि सुव्रेत्ता खिंडीकडे (2615 मीटर) निघालेली वाट निव्वळ पायवाट होते. खिंड ओलांडून सेंट मॉरिट्झकडे उतरणारा हा फेरा माउंटनबाइकवाल्यांचा लाडका आहे. नकाशावर तो बंद वर्तुळ दिसतो, म्हणून ग्रॅव्हलवाल्यालाही मोह होतो. आमचं मत स्पष्ट आहे: ग्रॅव्हलवर चाकोरी संपते तिथून मागे फिरा. आल्या वाटेने उतरणं मुळीच कमीपणाचं नाही. खालचा तो उतार या परिसरातल्या उत्तम उतारांपैकी आहे. खिंडीवर बर्फही जूनअखेरपर्यंत टिकून राहू शकतो.

पोंत्रेसीना स्टेशनपासून वाल रोसेगमध्ये मात्र शंकेला जागा नाही. सुमारे 7 किलोमीटर खडी, साधारण 200 मीटर चढ, खाजगी मोटारींना बंदी. सांभाळायचं ते घोडागाड्यांना. मागून येताना लांबूनच आवाज द्या, गाडीवानाने हात केल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि घोड्याजवळ घंटी वाजवू नका. वरच्या हॉटेलपर्यंतच चाकोरी. हिमनद्यांकडे जाणाऱ्या पुढच्या वाटा पायी जाणाऱ्यांसाठी.

तळ्याकाठी फसवणूक जास्त, कारण तिथे चढ नाही. सिल्वाप्लाना तळ्याच्या दक्षिण काठाने सिल्स ते सुरलेय ही वाट रुंद आणि खडीची आहे. सिल्स तळ्याचाही दक्षिण काठ तसाच असेल असं वाटतं, पण मालोया गाव ते इसोला वाडी हा भाग चाकोरीचा आणि इसोला ते सिल्स हा काही ठिकाणी अरुंद, मुळांचा, चालणाऱ्यांनी भरलेला. तिथे उतरून सायकल ढकला. उत्तर काठावरून मोटारींचा मुख्य रस्ता जातो, तो पर्याय कुणाला नको असतो.

गोल पाट्यांचीही अशीच जोडी आहे आणि तिथली चूक दंडाची ठरते. लाल कडेच्या आत मोटार आणि मोटरसायकलचं चित्र असेल तर बंदी फक्त त्यांना. आत नुसता पांढरा रंग असेल तर ती सगळ्याच वाहनांना आहे, सायकलसुद्धा त्यात आली; सायकल ढकलत नेता येते. खालच्या छोट्या पट्टीवर ‘वेलो गेश्टाटेट’, म्हणजे सायकलला मुभा, असं लिहिलं असेल तरच बसून जा.

सायकलची तयारीही वाटेच्या जातीप्रमाणे बदलते. चाकोरीसाठी 75 किलोच्या स्वाराला 40 मिमी ट्यूबलेस टायरमध्ये पुढे 2.1 आणि मागे 2.3 बार हवा पुरते. 45 मिमी असेल तर 1.8 आणि 2.0. हवा नेहमी निघायच्या जागी, निघायच्या वेळी तपासा. समुद्रसपाटीला भरलेला टायर 1800 मीटरवर जवळपास 0.2 बार जास्त दाखवतो, कारण बाहेरचा दाब घटलेला असतो. आणि 20 अंशांच्या खोलीत भरलेला टायर पहाटेच्या 2 अंशांत तेवढाच उतरतो. चाकोरीवर टायर फुटतो तो बहुधा पाणी वाहून नेण्यासाठी आडव्या बसवलेल्या लाकडी किंवा लोखंडी पन्हळींवर. पन्हळ तिरकी ओलांडली की चाक तिच्यात घसरतं, वेगात सरळ आदळली की रिमला पोचा पडतो. ब्रेक पन्हळीच्या आधी दाबा, तिच्यावर सोडा, नव्वद अंशांत पार करा.

गिअरचं गणित दोन जातींमधला फरक सगळ्यात स्पष्ट दाखवतं. पुढच्या चक्रीला 40 आणि मागच्या चक्रीला 44 दात असले, पायडल मिनिटाला 60 फेऱ्या फिरलं, तर वेग ताशी 7 किलोमीटरच्या थोडा वर राहतो. 3 टक्के चढावर हे आरामाचं आहे. पायवाटेवर 15 टक्क्यांचा चढ आला तर सायकलसकट 85 किलो वजनाला त्याच वेगासाठी 260 वॅटच्या वर ताकद लागते. माउंटनबाइकच्या 32 आणि 51 दातांवर तेच काम सुमारे 190 वॅटमध्ये होतं, कारण ती हळू चढू शकते. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 20 टक्के कमी, म्हणून सपाटीवर झेपणारा आकडा इथे लवकर दमवतो. चाकोरीपुरतं जायचं असेल तर ग्रॅव्हलचा गिअर बदलू नका. पायवाटेची हौस असेल तर गिअर बदलण्यापेक्षा सायकलच बदललेली बरी.

कुरणांतलं फाटक उघडलं की लगेच लावायचं. विजेच्या तारेच्या फाटकाला प्लॅस्टिकची मूठ असते, तिलाच धरायचं. वासरासोबतची गाय वाटेत असली तर उतरून लांबून वळसा घाला.

दिशा ठरवताना मालोया वारा लक्षात घ्या. दिवसा खोऱ्यातला वारा सहसा खालून वर वाहतो. इथे उन्हाळ्यातल्या निरभ्र दिवशी दुपारच्या सुमारास तो मालोया खिंडीवरून आत शिरून खोऱ्यातून खाली, सेंट मॉरिट्झकडे वाहतो. सिल्वाप्लानाच्या पाण्यावर पतंगाच्या दोरीने धावणारे खेळाडू याच वाऱ्याची वाट बघत असतात. म्हणून सकाळी, पाणी आरशासारखं असताना, सेंट मॉरिट्झहून मालोयाकडे जा आणि दुपारी परत फिरा.