सोंग कोणी चढवलं? ‘द स्टॅनफर्ड प्रिझन एक्सपेरिमेंट’ची पार्श्वभूमी

दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात आणि गावोगावी रात्रभर दंडार, नाटकं रंगतात. दिवसभर धानाचे भारे वाहणारा माणूस रात्री सोंग चढवून असा काही गरजतो की त्याचीच लेकरं मागे सरकतात. या प्रेक्षकाला काइल पॅट्रिक अल्वारेझ यांचा २०१५ चा हा चित्रपट परका वाटायचं कारण नाही. त्यामागचा खरा प्रयोग प्रयोगशाळेपेक्षा रंगमंचाच्याच जास्त जवळचा होता.

तो १९७१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला. पैसा अमेरिकन नौदलाच्या संशोधन कार्यालयाचा. वर्तमानपत्रात जाहिरात आली: तुरुंगातल्या जीवनाचा अभ्यास, कॉलेजचे मुलगे हवेत, रोजचे १५ डॉलर. तेव्हाच्या दराने हे शंभर रुपयांच्या वर जातात. सत्तरहून जास्त अर्ज आले, त्यांतून २४ निवडले. कोण पहारेकरी आणि कोण कैदी, हे नाणं उडवून ठरवलं.

मानसशास्त्र विभागाच्या तळघरात तीन खोल्यांची दारं काढून गज बसवले. एका कोठडीत तीन कैदी. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, पाळीला तीन पहारेकरी. खिडकी नाही, घड्याळ नाही. शिक्षेसाठी एक अंधारं कपाट होतं, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल. धानाच्या ढोलीत माणूस निदान बसू तरी शकतो, इथे नुसतं उभं राहायचं.

पोशाखावर विशेष डोकं चालवलेलं दिसतं. पहारेकऱ्यांना खाकी गणवेश, शिटी, दंडुका आणि आरशासारखा काळा चष्मा, म्हणजे डोळे दिसू नयेत. कैद्यांना आतल्या कपड्यांविना झगा, छातीवर नंबर, केस झाकायला नायलॉनच्या मोज्याची टोपी, आणि घोट्याला साखळी. झोपेत कूस बदलली की साखळी लागायची आणि आपण कुठे आहोत ते आठवायचं. रात्री अडीचला उठवून हजेरी घेत. दुसऱ्याच सकाळी कैद्यांनी टोप्या फेकल्या आणि खाटा आडव्या लावून दारं अडवली. पहारेकऱ्यांनी आग विझवायच्या नळकांड्याचा फवारा मारून त्यांना मागे रेटलं. पहिला कैदी ३६ तासांच्या आत रडत-ओरडत बाहेर पडला.

दोन आठवड्यांचा बेत सहा दिवसांत गुंडाळला गेला. प्रयोगाचे कर्ते फिलिप झिंबार्डो स्वतःच तुरुंगाचे अधीक्षक होऊन बसले होते. मोठी चूक हीच, कारण थांबा म्हणायला संशोधक म्हणून कोणी उरलंच नाही. डोक्यावर पिशव्या घातलेल्या, एकमेकांना साखळीने बांधलेल्या मुलांची रांग शौचाला नेताना मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी पाहिली आणि त्या झिंबार्डोंवर संतापल्या. दुसऱ्या दिवशी, २० ऑगस्टला, प्रयोग बंद झाला.

पुढे पाठ्यपुस्तकांत सोपा अर्थ रूढ झाला: गणवेश मिळाला की भला पोरगाही आपसूक क्रूर होतो. पारावरही हे वाक्य चटकन पटतं. पण यातला ‘आपसूक’ टिकत नाही. आदल्या दिवशीच्या बैठकीत पहारेकऱ्यांना सांगितलं होतं की मारहाण करायची नाही, पण कैद्यांना कंटाळा, भीती आणि आपल्या हाती काहीच नसल्याची भावना आणता येईल. वॉर्डन झालेल्या विद्यार्थ्याने असाच खेळ काही महिने आधी वसतिगृहात करून पाहिला होता, आणि बरेच नियम तिथूनच आले. एक पहारेकरी मवाळ वागतोय म्हणून हाच वॉर्डन त्याला कडक हो असं समजावतोय, असं ध्वनिमुद्रण आहे. सगळ्यात जुलमी ठरलेल्या पहारेकऱ्याला नाटकाचा अनुभव होता, आणि आपण एका तुरुंगपटातल्या अधिकाऱ्याची नक्कल करत होतो असं तो सांगत आला. रडत बाहेर पडलेला पहिला कैदीही नंतर म्हणाला की ते बरंचसं नाटक होतं. कोठडीत बसून परीक्षेचा अभ्यास उरकू, हा त्याचा हिशेब, पण पुस्तकंच मिळाली नाहीत. अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्या पोरांना हा हिशेब बरोबर कळेल.

यातलं बरंचसं थिबो ले टेक्सिए या फ्रेंच अभ्यासकाने जुनी कागदपत्रं आणि टेपा चाळून २०१८-१९ मध्ये मांडलं. चित्रपट त्याआधीचा, झिंबार्डोंच्या पुस्तकावर बेतलेला आणि त्यांच्याच सल्ल्याने झालेला. म्हणून त्यातले संवाद टेपांच्या बरेच जवळचे असले, तरी कथा त्यांच्या बाजूने सांगितलेली आहे. २००१ चा जर्मन चित्रपट ‘दास एक्सपेरिमेंट’ याच घटनेवरून सुचलेला, पण त्यातले खून प्रत्यक्षात झाले नव्हते.

ॲलेक्स हॅस्लम आणि स्टीफन रायशर या मानसशास्त्रज्ञांनी बीबीसीसाठी केलेला असाच तुरुंगाचा प्रयोग २००२ मध्ये दाखवला गेला. त्यात पहारेकऱ्यांना कसं वागायचं ते कोणी शिकवलं नाही. ते आपसांतच बिचकत राहिले, कैदी एकजूट झाले आणि सहाव्या दिवशी त्यांनी ती सत्ताच उलथवली.