परिणाम ‘नगण्य’, पण कितव्यांदा?

पाणलोट क्षेत्रात वसाहत उभी राहते. तिचा पर्यावरणीय परिणामांचा अहवाल म्हणतो, नदीवरचा परिणाम नगण्य. मग रस्ता होतो, खाण निघते. त्यांचेही अहवाल तेच सांगतात, आणि बऱ्याचदा ते खोटे नसतात. तरीही नदी खालावत जाते. परिसंस्थाशास्त्रज्ञ विल्यम ओडम यांनी १९८२ साली या प्रकाराला ‘छोट्या निर्णयांची जुलूमशाही’ म्हटलं. शब्दप्रयोग मूळचा अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड कान यांचा.

एकत्रित परिणाम मोजायचा तर नुसती बेरीज पुरत नाही. ट्राउटसारखे मासे नदीतळाच्या खड्यांत अंडी घालतात. खड्यांमधल्या फटींतून पाणी खेळतं आणि अंड्यांना प्राणवायू मिळतो. रस्त्याच्या कामातून आलेली बारीक माती त्या फटी बुजवते. दुसऱ्याच कुठल्या प्रकल्पासाठी काठची झाडं तुटलेली असतात, त्यामुळे पाणी तापतं. १० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, २० अंशांना फक्त ९.१. त्यात उबेमुळे अंड्यांची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे मागणी वाढली, साठा घटला आणि वाटही बंद! दोन्ही अहवालांत यातलं अर्धंच सापडेल.

पुराचं गणित तर आणखी चकवणारं. पावसाचं पाणी अडवून हळूहळू सोडणारं तळं प्रत्येक वसाहत बांधते, आणि तिच्या ओढ्याचा पूर खरोखरच ओसरतो. पण असं उशिरा सोडलेलं पाणी नेमकं मुख्य नदीचा लोंढा वरून येतो त्याच वेळी तिला मिळालं, तर खालच्या भागात पूर उलट चढतो. नियम मात्र सगळ्यांनी पाळलेला असतो.

म्हणून मूल्यमापन प्रकल्पापासून नव्हे, नदीपासून सुरू करावं लागतं. आधी काय टिकवायचं ते ठरवायचं: मासे, उन्हाळ्यातला प्रवाह, पिण्याचं पाणी. मग त्यावर झालेले, चालू असलेले आणि येऊ घातलेले सगळे ताण एकत्र मांडायचे. ‘झालेले’ हा शब्द अनेकांना नको असतो. आजची स्थिती हाच शून्य धरला की जुनं नुकसान आपोआप माफ होतं.

खरी अडचण मात्र विज्ञानाची नाहीच. नदीची सहनशक्ती संपत आली असेल तर नकार शेवटच्या अर्जदाराला मिळतो, आणि तो रास्तपणे विचारतो, आधीच्यांना का नाही? माझ्या मते याला एकच उत्तर आहे: जुन्या परवानग्याही पुन्हा तपासायला काढणं. त्याला फारसं कोणी तयार नसतं.